फेब्रुवारीत मोजलेलं गाव

बीड जिल्ह्यातल्या गावांवरच्या एका लेखात त्यांची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेवरून दिली आहे. आकडे बरोबर असतील, पण ती मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीला झाली, म्हणजे ऐन ऊसतोडीच्या गळीत हंगामात. धारूर, वडवणी, केज, पाटोद्याकडच्या कित्येक वाड्या-तांड्यांवर तेव्हा म्हातारी माणसं आणि त्यांच्याजवळ ठेवलेली पोरंच असतात. नवरा-बायकोचा कोयता, म्हणजे ऊस तोडणारी जोडी, दसरा-दिवाळीनंतर मुकादमाची (मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जाते, ती हंगाम संपल्यावरच परतते. आणि मोजणीच्या सगळ्या दिवसांत जो घरी नाही, त्याची नोंद त्या घरात होत नाही.

दुसरं, जनगणनेत अनुसूचित जाती, जमाती आणि उरलेले सगळे 'इतर'. आमच्याकडचे वंजारी आणि बंजारा त्या 'इतर'मध्येच गेले. मग गावात कोण राहतं हे त्या तक्त्यातून कळणार कसं?

पुढची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे, यावेळी जातही विचारणार आहेत. पण महिना तोच. प्रगणकांना उसाच्या फडावरच्या कोपींपर्यंत, म्हणजे मजुरांच्या झोपड्यांपर्यंत पाठवा, ग्रामसेवकांकडून स्थलांतरितांच्या याद्या आत्ताच करून घ्या.