12 वर्षांत फ्यूज न गेलेला माणूस

परवा रात्री आमचा फ्यूज उडाला, यात विशेष काही नाही. हीटर चालू होता, त्यात मी इस्त्री लावली, मिनिटभराने अंधार. विशेष आहे ते त्यानंतरचं. वरच्या मजल्यावरचे काका मोबाइलचा टॉर्च लावून खाली आले, आणि तेव्हापासून माझं डोकं फिरलंय.

काकांच्या टॉर्चला एक खोड आहे. काका ज्याच्याशी बोलतात त्याच्याकडे बघतात, आणि जिकडे बघतात तिकडे टॉर्च वळतो. म्हणजे ते गप्प असतील तेवढाच वेळ फ्यूजवर उजेड. ते एकूण चार सेकंद गप्प होते. बाकी सगळं मी डोळे किलकिले करून चाचपडत केलं.

"मेन बंद केलायस ना?"

"हो काका."

"नक्की?"

"नक्की."

तरी खात्री असावी म्हणून त्यांनी मेनचा खटका स्वतः दोनदा वर-खाली करून पाहिला. किटकॅट, म्हणजे फ्यूजची तार धरणारा चिनीमातीचा ठोकळा, त्या वेळी उपसून माझ्या हातात होतं, बोटं त्याच्या खाचेत नव्हती, म्हणून हा लेख मी लिहितोय. नाहीतर काकांनी माझ्याबद्दल चार शब्द बोलले असते.

तार मधोमध तुटली होती. दोन्ही टोकांना टाचणीच्या डोक्याहून बारीक मणी, आणि आजूबाजूची चिनीमाती पांढरीस्वच्छ. शॉर्ट सर्किट असतं तर तांब्याचे काळे शिंतोडे उडालेले दिसले असते. म्हणजे शॉर्ट नव्हे, लोड. गुन्हेगार मीच. 2000 वॅटचा हीटर आणि 1000 वॅटची इस्त्री, 230 व्होल्टवर दोन्ही मिळून 13 अँपिअर, आणि फ्यूज 5 चा. नुसता हीटर दोन दिवस निमूट चालला होता, कारण अशा साध्या तारेवर 5 लिहिलंय म्हणून ती 5 ला वितळत नाही. जवळजवळ दुपटीपर्यंत तग धरते. फार सोसते बिचारी. पण करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, आणि मी तर अडीचपटीच्याही पुढे गेलो होतो.

हे सगळं मला काकांना सांगायचं होतं. त्यांनी टॉर्च आधी माझ्या हातातल्या नव्या तारेवर मारला, मग माझ्या डोळ्यांत.

"ही तार? ही केसाएवढी?"

"0.2 मिलिमीटर. 5 अँपिअरला हीच लागते, काका."

"म्हणूनच जातो! अरे, जाड टाक."

आणि त्यांनी खिशातून तांब्याच्या तारांचा पीळ काढला. सात पदरी. आधीच वळून ठेवलेला. माणूस रात्री दहाला जिना उतरताना खिशात तांब्याचा पीळ घेऊन उतरतो, म्हणजे तो किती वर्षं या हाकेची वाट बघत बसला असेल! बरं, मी हाकही मारली नव्हती.

"आमच्याकडे हाच आहे. 12 वर्षांत एकदा फ्यूज गेलेला नाही."

"काका, 12 वर्षं तुमच्याकडे फ्यूजच नाहीये."

"म्हणून तर जात नाही!"

यावर काय बोलणार? शाळेच्या पुस्तकात याला वितळतार म्हणायचे. किती सरळ शब्द! वितळणं हे तिचं काम, ते नावातच सांगून टाकलंय. आम्ही पास झालो आणि इंग्रजी शब्द उचलला, त्यामुळे आता ती वितळली की लोकांना वाटतं बिघडली. एडिसनने 1890 साली फ्यूजचं पेटंट घेतलं, तेव्हा त्याच्या वरच्या मजल्यावर कोणी राहत नसावं.

मी तरी नेटाने सांगितलं. तांबं वितळतं 1085 अंशांना, आणि भिंतीतल्या वायरीचं प्लास्टिक असतं 70 अंशांच्या बेताचं. फ्यूज जाड केला की आधी वायर जळणार, तीही भिंतीच्या आत. काका म्हणाले, "भिंत विटांची आहे." आणि किटकॅट माझ्या हातातून घेतलं.

लाइट आले. घरातल्यांनी टाळ्या वाजवल्या. खरोखर वाजवल्या. "काका, तुम्ही होतात म्हणून!" आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, त्या पाहण्यात माझं सगळं शिक्षण निघालं.

मला राग याचा येतो की फ्यूज गेल्यावर "काय काय चालू होतं?" असं एक माणूस विचारत नाही. "कोणी उडवला?" हे सगळे विचारतात. वायरमनही विचारत नाही. मागच्या वेळी आला तेव्हा तोही एक पीळच भरून गेला होता आणि वर पैसे घेऊन गेला. एमसीबी, म्हणजे फ्यूजऐवजी आपोआप पडणारा खटका, बसवून द्या म्हणून मी घरमालकांच्या दोन वर्षं मागे आहे. त्यात लोड वाढला तर तापून वाकणारी पट्टी असते, शॉर्ट झाला तर क्षणात खटका पाडणारी कॉइल असते, तार भरायची भानगडच नाही. मालक विचारतात, "फ्यूज चालतोय ना?" चालतोय, म्हणूनच जातोय, हे त्यांना कोणत्या भाषेत सांगू? आणि शॉक लागला तर हा फ्यूज मला वाचवणार नाही, हे तर मी घरातही बोलत नाही. माणसाला अँपिअरचा काही शतांश भागसुद्धा पुरतो. तेवढ्याने 5 चा फ्यूज कोमटही होणार नाही.

सगळे झोपल्यावर मी उठलो. मेन बंद केला, टॉर्च दातांत धरला, काकांचा पीळ काढून केसाएवढी तार बसवली. चोरासारखा. स्वतःच्या घरात, योग्य ते करायला.

आज संध्याकाळी हीटर चालू असताना कोणीतरी किटली लावली. कोणी, ते मी विचारलं नाही. अंधार झाला आणि आतून आवाज आला, "काकांची तार तर चांगली होती, परत कशी गेली?"

मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात जिन्यात उजेड हलायला लागला.