कानातला कंपन-माइक साध्या माइकची जागा घेतो का? नाही

इअरबडबद्दलचा एक मजकूर सध्या सगळीकडे फिरतो आहे. त्यातला दावा थोडक्यात असा: शरीरातली कंपनं टिपणारा माइक कानात बसवला की फोनवर बोलताना बाहेरचा आवाज पलीकडे शून्य जातो, आवाज थेट गळ्यातून येत असल्यामुळे तो जास्त खरा असतो, कुजबुजलं तरी चालतं, इअरबड कानात कसाही बसला तरी फरक पडत नाही, म्हणून हवेतून ऐकणाऱ्या माइकची आता गरजच नाही. हे तंत्र मला फार मोलाचं वाटतं. यंत्रांच्या गोंगाटात काम करणाऱ्या माणसाचं बोलणं त्यामुळे पलीकडे पोहोचू शकतं. म्हणूनच त्याच्या नावावर भलत्या अपेक्षा पसरू नयेत.

आधी एक गल्लत दूर करू. कानाच्या पुढे गालाच्या हाडावर टेकणारे ‘बोन कंडक्शन’ हेडफोन हाडातून आवाज ऐकवतात. बोलणं टिपायला त्यांत बहुधा साधाच माइक असतो. इथे विषय उलट दिशेचा आहे, बोलणाऱ्याची कंपनं कानात टिपण्याचा.

‘बाहेरचा आवाज शून्य’

आपण बोलतो तेव्हा स्वरतंतूंची कंपनं जबडा, कवटी आणि मऊ ऊतींमधून कानाच्या नळीच्या भिंतीपर्यंत पोहोचतात. तिथे टेकलेला छोटा हालचाल-सेन्सर, म्हणजेच अ‍ॅक्सेलरोमीटर हवेतला दाब मोजत नाही, इअरबडच्या कवचाची हालचाल मोजतो. हवेतून आलेला आवाज डोक्यावर आदळून बराचसा परत फिरतो, त्यामुळे सेन्सरला बाहेरचं फार कमी ‘ऐकू’ येतं. दाव्यातला खरा भाग इतकाच.

पण कमी म्हणजे शून्य नव्हे. कानात बोळे घालून वर इअरमफ चढवले तरी साधारण 40 ते 50 डेसिबलच्या पुढे संरक्षण फारसं वाढत नाही, कारण मोठ्या आवाजाने कवटीच थरथरते आणि ती थरथर आतल्या कानापर्यंत जाते. सेन्सरही त्याच कवटीला टेकलेला असतो. शिवाय शरीराचे स्वतःचे आवाज आहेतच: चावणं, गिळणं, दातावर दात आपटणं, पावलांचे धक्के, इअरबडवर घासणारे केस. साधा माइक यातलं बरंचसं ऐकतच नाही, कंपन-माइकला मात्र ते ठळक ऐकू येतं.

सगळ्यात अवघड शत्रू त्याच कवचात बसलेला असतो, तो म्हणजे स्पीकर. पलीकडच्याचा आवाज वाजवताना तो कवच हलवतो, सेन्सर ती हालचाल टिपतो आणि पलीकडच्याला स्वतःच्याच बोलण्याचा प्रतिध्वनी ऐकू येतो. स्पीकर आणि सेन्सर यांची जागा, मधला मऊ आधार, सेन्सरचा संवेदनशील अक्ष (ज्या रेषेतली हालचाल तो टिपतो ती) कोणत्या दिशेला ठेवायचा, उरलेला प्रतिध्वनी सॉफ्टवेअरने कसा कापायचा, यावर डिझाइन करणाऱ्यांची खरी मेहनत जाते.

‘कानात कसाही बसला तरी चालतो’

हे तर साफ चूक आहे. अ‍ॅक्सेलरोमीटर असलेल्या भागाला कानाच्या भिंतीचा घट्ट स्पर्श लागतो. मध्ये जाड, मऊ सिलिकॉन आलं तर ते स्प्रिंगसारखं वागतं आणि वरच्या कंप्रता, म्हणजे आवाजातले बारीक, उंच सूर, गिळून टाकतं. दुसरा प्रकार म्हणजे नळीच्या आत तोंड करून बसवलेला माइक. कान पक्का बंद झाला की स्वतःचा आवाज आत घुमतो. सुमारे 1 किलोहर्ट्झच्या खाली ही वाढ 20 डेसिबल किंवा अधिकही होऊ शकते. बारीकशी फट राहिली की हा खालचा आवाज निसटतो आणि बाहेरचा गोंगाट आत शिरतो. त्यात जबड्याचा सांधा कानाच्या नळीला अगदी लागून आहे, त्यामुळे तोंड उघडताना नळीचा आकारच बदलतो. म्हणजे बोलण्याच्या क्रियेनेच पकड ढिली होऊ शकते.

‘थेट गळ्यातून, म्हणून जास्त खरा’

शरीर खालच्या कंप्रता सहज जाऊ देतं, वरच्या अडवतं. साधारण 2 किलोहर्ट्झच्या पुढे जे उरतं ते बऱ्याचदा सेन्सरच्या स्वतःच्या खरखरीत बुडून जातं. जुना टेलिफोनसुद्धा 300 ते 3400 हर्ट्झ पोहोचवायचा, ही मजल त्याच्याही आतली आहे. ‘स’ आणि ‘श’ गळ्यात तयार होत नाहीत. जीभ आणि दात-टाळू यांच्यामधून घुसणाऱ्या हवेतून ते घडतात, त्यात स्वरतंतू हलत नाहीत आणि त्यांची बरीच ऊर्जा 3 किलोहर्ट्झच्या वर असते. मग ‘साल’ आणि ‘शाल’ वेगळे कसे कळणार? ‘पळ’ आणि ‘फळ’, ‘तर’ आणि ‘थर’ यांतला फरकही श्वासाच्या झोताचा, तोही पुसट होतो. उलट ‘म’ आणि ‘न’ भरभक्कम घुमतात. ऐकणाऱ्याला आवाज कोंदट वाटतो तो यामुळेच.

आणि ‘खरा’ कोणासाठी? आपल्या आवाजाचा मोठा हिस्सा आपण स्वतः हाडांतून ऐकतो. श्रवणाचे अभ्यासक गेऑर्ग फॉन बेकेशी यांनी 1949 मध्ये तो हवेतून येणाऱ्या आवाजाच्या जवळपास बरोबरीचा असल्याचं दाखवलं. म्हणून रेकॉर्ड केलेला आपला आवाज आपल्याला परका वाटतो. बाकी सगळं जग मात्र आपल्याला हवेतूनच ओळखतं.

हरवलेल्या कंप्रता एआय भरून काढतं, असं यावर सांगितलं जातं. भरतं, आणि कानाला गोडही लागतं. पण तो अंदाज असतो. वाक्याचा संदर्भ असेल तर अंदाज सहसा बरोबर येतो. नाव, पत्ता किंवा आकडा सांगताना संदर्भच नसतो. ‘सात’ की ‘साठ’ हे चुकीचं भरलं गेलं आणि तरीही सुस्पष्ट ऐकू आलं, तर ऐकणारा पुन्हा विचारणारसुद्धा नाही. मला हा धोका कोंदट आवाजापेक्षा मोठा वाटतो.

‘कुजबुजलं तरी चालतं’

कुजबुजताना स्वरतंतू कंपत नाहीत, म्हणजे मूळ स्रोतच नाहीसा होतो. जपानमध्ये नारा इथल्या संशोधकांनी 2003 च्या सुमारास कानामागे त्वचेवर चिकटणारा, पुटपुटणं टिपणारा खास माइक मांडला होता. पण तो त्याच कामासाठी घडवलेला होता.

‘हवेतल्या माइकची गरज संपली’

दुसऱ्या महायुद्धात वैमानिक गळ्याला बांधायचे माइक वापरत होते. हवेतला माइक त्यामुळे संपला नाही. 2016 च्या पहिल्या एअरपॉड्समध्ये बोलणं ओळखणारा अ‍ॅक्सेलरोमीटर होता, आणि त्याच्या जोडीला हवेतून ऐकणारे माइकही होते. चांगल्या रचनेत दोघे काम वाटून घेतात. खालच्या कंप्रतांची पट्टी कंपन-माइककडून, वरची हवेतल्या माइककडून, आणि दोन्ही जुळवण्याची सीमा गोंगाटाप्रमाणे वरखाली. वाऱ्याची घरघर मुख्यतः खालच्या कंप्रतांत असते, नेमकी तिथेच कंपन-माइकची बाजू भक्कम. याहून मोलाची कामगिरी म्हणजे इअरबड घालणारा नेमका कधी बोलतो आहे हे तो खात्रीने सांगतो. मग तो गप्प असतानाच्या क्षणांत गोंगाटाचं मोजमाप घेता येतं आणि बोलताना तेवढाच गोंगाट कापता येतो.

अशा इअरबडचा नमुना ऐकायला मिळाला तर बोलणारा चालतो आहे का, पलीकडचा माणूसही त्याच वेळी बोलतो आहे का हे आधी पाहा, आणि त्याला सलग वाक्यांऐवजी सुटे आकडे वाचायला सांगा.