झोप उडालेला संगणक

माझ्या संगणकाची झोप भाच्याने उडवली, तीही निव्वळ सद्भावनेने. गणपतीच्या सुट्टीत तो आला, ‘मामा, केवढा कचरा साठवलाय तुम्ही’ असे म्हणत त्याने विंडोज 10 नव्याने टाकून दिले आणि सी ड्राइव्हमधली 6 जीबीहून अधिक जागा मोकळी केल्याचे जाताना दोनदा सांगितले. पडद्यावरची अक्षरेही एकाएकी चांगली ठसठशीत दिसू लागली होती. मामाच्या चष्म्याची पोराला किती काळजी, असे मी बहिणीला मुद्दाम फोन करून कळवले.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर, स्वतः आडवे होण्यापूर्वी यंत्राला निजवावे या शिरस्त्याने पॉवरचे बटण दाबले, तर तिथे शट डाउन आणि रीस्टार्ट एवढेच पर्याय उरलेले! स्लीप ही यंत्राची वामकुक्षी: उघडलेले काम रॅममध्ये, म्हणजे वीज असेपर्यंतच टिकणाऱ्या स्मृतीत, तसेच राहते, थोडी वीज चालू असते आणि हाक मारताच ते उठते. हायबरनेट हा चातुर्मास: रॅममधला सारा प्रपंच डिस्कवर उतरवून यंत्र पूर्ण बंद होते. हा भेद ज्याला केवळ पोथीतला वाटेल, त्याने एखादा गुरुवार आमच्या भागात काढावा; दुरुस्तीसाठी वीज गेली, की वामकुक्षीतला संगणक झोपेतच जातो आणि जतन न केलेला मजकूर सोबत नेतो.

शेवटी कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडून ‘पॉवरसीएफजी /ए’ ही आज्ञा दिली. यंत्राला कोणकोणती झोप येऊ शकते आणि जी येत नाही ती का, हे ती सांगते. एवढे स्पष्ट निदान मला माझ्या स्वतःच्या निद्रानाशाबद्दलही आजवर मिळालेले नाही. हायबरनेट कोणीतरी बंद केले होते आणि स्लीपच्या आड ग्राफिक्स आले होते. भाच्याने ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर, म्हणजे पडद्यावरचे चित्र सांभाळणारा प्रोग्राम, टाकलाच नव्हता, विंडोजच्या कामचलाऊ ड्रायव्हरला झोपवण्याची विद्या येत नाही, आणि ती ठसठशीत अक्षरे हीदेखील त्याच ड्रायव्हरची करामत होती. बहिणीला केलेला फोन मात्र परत घेता येत नव्हता.

मदरबोर्डला साजेसा ड्रायव्हर टाकून यंत्र पुन्हा सुरू करताच अक्षरे मुंगीएवढी झाली आणि स्लीप परतले. मग ‘पॉवरसीएफजी /हायबरनेट ऑन’ असे लिहिले, तर प्रशासकाचे अधिकार हवेत असे उत्तर आले. यंत्र माझे, वीजबिल मी भरतो, आणि प्रशासक कोण? खिडकी बंद करून, ‘प्रशासक म्हणून चालवा’ हा पर्याय निवडून तीच आज्ञा पुन्हा दिली, तेव्हा यंत्राने होय-नाही काहीही न बोलता पुढची ओळ दाखवली. या मौनाला संमती म्हणतात, हे कळायला मला अर्धा तास लागला. तरीही मेनूत हायबरनेट दिसेना, कारण कंट्रोल पॅनेलमध्ये त्याच्यापुढे खूण करायची राहिली होती. ती चौकट फिकी पडलेली असते आणि ‘सध्या उपलब्ध नसलेल्या सेटिंग्ज बदला’ या ओळीवर टिचकी मारल्यावरच उपलब्ध होते. असा मजकूर लिहिणारा माणूस पूर्वी सरकारी नोकरीत असावा, असा मला दाट संशय आहे.

गुरुवारी सोसायटीच्या चिटणीसांना लिहीत असलेले पत्र ‘पाण्याच्या टा’ इथवर आणून मी हायबरनेट दाबले. दिवसभर वीज नव्हती. संध्याकाळी यंत्र उठले, तेव्हा कर्सर त्याच ‘टा’पुढे लुकलुकत होता.

दिवाळीत भाचा पुन्हा आला आणि खुर्चीत बसताच म्हणाला, ‘मामा, सी ड्राइव्हमधली साडेसहा जीबी परत कोणी खाल्ली?’ माझ्या 16 जीबी रॅमच्या चाळीस टक्क्यांएवढी ती हायबरनेटची फाइल होती. मी काही न बोलता कीबोर्ड उचलला आणि फराळाचे ताट त्याच्या पुढ्यात ठेवले.