आपल्याकडं पण तळं हाय की

लग्नाचे फोटो काढणाऱ्या माणसाला आपोआप सुचतं, असा लोकांचा समज आहे. धंदा शिकायला येणारी नवी पोरं तर सरळच विचारतात, ‘सर, तुम्हाला इन्स्पिरेशन कुठून मिळतं?’ व्हॉट्सॲपवरून मिळतं. रात्री साडेअकराला. नवरदेव कुठलातरी स्क्रीनशॉट पाठवतो, खाली दोनच शब्द लिहितो, ‘असं पाहिजे’, आणि झोपून जातो. पुढं जागरण आपलं.

मागच्या सीझनला असाच इटलीतला लेक कोमो आला होता. पाण्यावर धुकं, लाकडी होडी, नवरीच्या झग्याचा घोळ वाऱ्यावर पार मागच्या डोंगरापर्यंत गेलेला. पाठवणारा जुळे सोलापूरचा, लग्न मे महिन्यात. मी लिहिलं, ‘साहेब, हे इटली आहे.’ उत्तर आलं, ‘आपल्याकडं पण तळं हाय की ओ.’

यावर काय बोलणार? आहेच. एक सोडून तीन आहेत. सिद्धेश्वराचं, कंबर तलाव, आणि शहराबाहेर हिप्परग्याचं. धुकं तेवढं नाही. मे महिन्यात इथं पारा ४३-४४ला जाऊन बसतो. पुस्तकात ‘गोल्डन अवर’ म्हणून जो सोनेरी उजेड सांगितलाय, तो आमच्याकडं नवरीचा मेकअप होईस्तोवर संपलेला असतो. दहाच्या सुमारास ऊन असं डोक्यावर येतं, की बिनमिशीच्या नवरदेवालाही नाकाच्या सावलीची मिशी फुटते. धुक्यासाठी स्मोक बॉम्ब आणला होता. पेटवला, तर वारा उलटा. सगळा धूर फिरायला आलेल्या मंडळींच्या अंगावर. एक आजोबा तरातरा आले, ‘ओ मालक, कचरा पेटवलाव काय?’ फोटोत नवरा-नवरी, निळा धूर आणि धुरातून पुढं आलेली आजोबांची काठी. नवरीला सगळ्यांत तोच आवडला.

ज्यांना तळं कमी पडतं ते नळदुर्गच्या किल्ल्यात जातात. तिथला बंधारा आणि पाणीमहाल दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला. बोरी नदी भरली की बंधाऱ्यावरून नर आणि मादी असे दोन धबधबे कोसळतात आणि आतल्या महालात कोरडं बसून समोरचं पाणी बघता येतं. हे सगळं पावसाळ्यात. लग्नं उन्हाळ्यात. नुसत्या भिंतीसमोर जोडप्याला उभं केलं की नवरदेव म्हणतो, ‘पाणी एडिटिंगमध्ये टाका.’ बादशहाला जे जमवायला एवढा दगड रचावा लागला, ते मी लॅपटॉपवर संध्याकाळपर्यंत करून द्यायचं.

मांडवात स्क्रीनशॉट चालत नाहीत, तिथं नातेवाईक चालतात. नवरीची मावशी आधी चौकशी करते, ‘पॅकेजमध्ये कँडिड हाय न्हवं?’ आहे म्हटलं की मागं वळून हाळी देते, ‘ए, सगळे इकडं बघा रे, कँडिड काढायलेत!’ अंतरपाट बाजूला होतो तो क्षण सेकंदभराचाही नसतो. त्यासाठी मी गुडघ्यावर बसून, श्वास धरून थांबलेला असतो. नेमक्या त्या क्षणी मामा, ज्यांनी नवरीच्या मागं उभं राहायचं, ते मोबाईल उंचावून माझ्या पुढं. तेवढ्यात अक्षता येतात. त्या नवरा-नवरीवर कमी आणि लेन्सच्या हूडमध्ये जास्त पडतात. आषाढात बॅग झटकली तर एक वेळची खिचडी निघते.

मी ज्यांच्याकडं शिकलो ते नवी पेठेतले उस्ताद रोलच्या जमान्यातले. एका रोलला ३६ फोटो, वर एखादा निघाला तर देवाची कृपा. अख्खं लग्न चार-पाच रोलमध्ये बसवायचं. त्यामुळं पुन्हा पुन्हा स्टेजवर चढणाऱ्या पाहुण्यांसाठी ते नुसता फ्लॅश उडवायचे. पाहुणे खूश, रोल शाबूत. आता कार्डात हजारो फोटो मावतात, पण फ्लॅश उडाला की लगेच मान पुढं येते, ‘दाखवा बघू.’ ही एक थोर कला माझ्या पिढीत बुडाली.

स्वतःला म्हणून काही दिसत नाही असं नाही. शहराच्या पूर्व भागात एका पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर घरचं लग्न होतं. मुहूर्ताला नवरा-नवरीनं जिरं-गुळाचा गोळा, जिलकर्र-बेल्लम, एकमेकांच्या डोक्यावर ठेवला, टाळ्या झाल्या आणि आहेर सुरू झाला. नवरीच्या वडिलांची हयात यंत्रमागावर गेलेली. कुणीतरी त्यांच्या खांद्यावर टॉवेल टाकला, हातात टोपी दिली. समोर व्याही उभे, तेलुगूत काहीतरी लांबलचक सांगतायत, हे मान डोलावतायत, आणि हाताशी मात्र अंगठा-तर्जनीत टॉवेलचा काठ धरून वीण चाचपतायत. अंगठा सरकत सरकत एका जागी थांबला. सुटलेला धागा सापडला होता. खाली न बघता त्यांनी त्याला पीळ दिला आणि नखानं आत सारला. तो फोटो मी जीव टाकून काढला. ब्लॅक अँड व्हाइट केला, अल्बममध्ये अख्खं पान दिलं. वडिलांनी चष्मा लावून बराच वेळ बघितला. मला वाटलं, आता डोळे भरून येणार. म्हणाले, ‘टॉवेल दुसऱ्याच कारखान्याचा हाय.’ ते पान काढून तिथं करवल्यांचा ग्रुप फोटो घातला.

माझ्या मनासारखं लग्न वर्षातून एकदाच लागतं, संक्रांतीच्या तोंडावर. सोलापूरचं ग्रामदैवत सिद्धरामेश्वर, त्यांच्यावर जीव जडलेल्या कुंभारकन्येला त्यांनी आपल्या योगदंडाशी लग्न लावायला सांगितलं, ते लग्न गड्ड्याच्या यात्रेत अजून दरवर्षी लागतं. संमती कट्ट्यापाशी सात नंदीध्वजांच्या उंच काठ्या, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, ‘सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम’चा गजर आणि चहूबाजूंनी अक्षता. तिथं मी फुकट जातो आणि आनंदानं जातो. नवरदेव म्हणजे योगदंड, त्याचं पोट एडिटिंगमध्ये आत घ्यावं लागत नाही. गॉगल घालून स्लो मोशनमध्ये चालायचा त्याचा हट्ट नाही. आणि मामा आडवे आले तरी काठ्या एवढ्या उंच, की फोटोत येतातच. तिथला एक फोटो मी हौसेनं स्टेटसला ठेवला. तासाभरात होटगी रोडच्या एका वधूपित्याचा फोन, ‘मालक, तसली गर्दी आमच्याकडं पण दाखवायची बरं का.’ त्यांचा हॉल तीनशे माणसांचा.

लग्न उरकलं की खरा तगादा सुरू होतो, आणि तो मी लावायचा असतो. फोटो निवडून द्या, म्हणजे अल्बम छपाईला टाकतो. ‘आज रात्री बसतोच’ म्हणतात. हनिमून होतो, गणपती होतात, तुळशीचं लग्नसुद्धा लागतं, हे काही बसत नाहीत. असंच एक जोडपं वर्षभर हाती लागत नव्हतं. मग अचानक नवऱ्याचाच फोन, ‘मालक, रविवारी बारसं हाय, कॅमेरा घेऊन या.’

मी म्हटलं, अभिनंदन, पण लग्नाच्या अल्बमचं काय?

‘तेच सांगायलोय की. दोन्ही एकातच बसवा. तेवढी पानं वाचतेत, तेवढे पैसे कमी करा.’