सहलीचा वेग शेवटच्या गाडीने ठरवावा

दिवाळीनंतर रस्ते कोरडे झाले की पुण्याहून कोकणमार्गे गोव्याला मोटारसायकलवर जाण्याचे बेत सुरू होतात. आमच्या गटातही सध्या तीच चर्चा चालू आहे आणि यंदा येणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे शंभर ते सव्वाशे सीसीच्या गाड्या आहेत, म्हणून नियोजनाविषयीचे माझे मत सविस्तर मांडतो. मोठ्या गाड्यांवर लडाखला जाऊन आलेल्यांचे वेळापत्रक समोर ठेवायचे, रोजचे चारशे किलोमीटर आधी ठरवायचे आणि मग त्यात मुक्कामाची गावे बसवायची, ही पद्धत लहान गाड्यांच्या गटाला अजिबात लागू पडत नाही. सर्वांत कमी ताकदीची आणि सर्वांत जास्त ओझे घेतलेली गाडी घाटाच्या चढावर ज्या वेगाने जाते, तोच संपूर्ण गटाचा वेग धरावा आणि बाकीचे सगळे आकडे त्यावरून काढावेत.

स्प्लेंडरचे इंजिन 97.2 सीसीचे आहे आणि त्याची ताकद सुमारे 8 अश्वशक्ती आहे. सपाट रस्त्यावर एकटा माणूस असेल तर ही गाडी ताशी पन्नास-पंचावन्नच्या वेगाने दिवसभर विनातक्रार चालते. पण मागे दुसरा माणूस बसला, दोन्ही बाजूंना बॅगा लटकल्या आणि समोर चढ आला की गिअर उतरवत जावे लागते. यात त्या गाडीचा काहीही दोष नाही. मात्र त्याच वेळी सव्वाशे सीसीवाले पुढे निघून गेले, तर मागे पडलेला चालक अंतर भरून काढण्यासाठी वळणावर नको तितका वेग घेतो, आणि गटाने जाताना मला खरी भीती याच क्षणाची वाटते. म्हणून सर्वांत लहान गाडी म्होरक्याच्या लगेच मागे, दुसऱ्या क्रमांकावर असावी, आणि सर्वांत अनुभवी चालकाने पुढे न राहता शेवटी राहावे.

फाट्यांवर चुकामूक होऊ नये म्हणून एक साधी रीत पाळता येते. प्रत्येक फाट्यावर म्होरक्याच्या मागच्या चालकाने रस्त्याच्या कडेला, सर्वांना दिसेल असे थांबायचे आणि शेवटची गाडी आली की तिच्या पुढे राहून पुन्हा रांगेत सामील व्हायचे. लहान गाडीवाल्याची पाळी त्याच्या मागच्याने घ्यावी, म्हणजे त्याची जागा बदलत नाही. कोकणात मोबाइलला रेंज नसलेले पट्टे बरेच असल्यामुळे फोनवर विसंबण्यापेक्षा ही रीत कितीतरी भरवशाची आहे.

मार्गाबद्दल माझा आग्रह किनाऱ्याच्या रस्त्याचा आहे. महामार्गावर ट्रक आणि बस आपल्यापेक्षा बऱ्याच जास्त वेगाने शेजारून जातात, तिथे लहान गाडीचा चालक सतत आरशात पाहत जीव मुठीत धरून चालवतो. याउलट ताम्हिणीतून माणगाव, श्रीवर्धन, हरिहरेश्वर आणि पुढे किनाऱ्याने गुहागर, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला या अरुंद, वळणावळणाच्या रस्त्यावर मोठ्या गाडीलाही फारसे पळता येत नाही. या वाटेवर बागमांडला-वेशवी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड अशा तीन फेरीबोटी लागतात. त्या अनुक्रमे सावित्री, वाशिष्ठी आणि शास्त्री या नद्यांची मुखे ओलांडतात. फेरी डोळ्यांदेखत सुटली की पुढचीची वाट पाहणे आलेच. हे सगळे धरून ताशी सरासरी तीस किलोमीटर आणि दिवसाला जास्तीत जास्त दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर एवढेच कागदावर लिहावे, आणि सूर्यास्तापूर्वी मुक्कामाला पोहोचता येत नसेल तर मुक्कामाचे गाव बदलावे.

उतारावर पेट्रोल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये टाकण्याची किंवा इंजिनच बंद करण्याची सवय आपल्याकडे अनेकांना आहे. ताम्हिणीसारख्या घाटाच्या उतारावर असे करणे धोक्याचे आहे, कारण इंजिनाचा अटकाव नाहीसा होऊन सगळा भार ब्रेकच्या लायनरवर येतो आणि ड्रम ब्रेक तापले की त्यांची पकड कमी होते. ज्या गिअरमध्ये चढ चढलो असतो, साधारण त्याच गिअरमध्ये उतरावे. पेट्रोलची बचत पाहायचीच असेल तर या गाड्या लिटरला साठच्या आसपास सहज देतात, त्यामुळे तेवढ्यासाठी जीव धोक्यात घालण्याचे काहीच कारण नाही. मात्र एकाने पंपावर गाडी लावली की सर्वांनी टाक्या भरून घ्याव्यात, नाहीतर प्रत्येकासाठी वेगळे थांबण्यातच दुपार निघून जाते.

दुरुस्तीच्या बाबतीत लहान गाडीची बाजू भक्कम आहे, कारण तिचे सुटे भाग आणि ती खोलणारा मेकॅनिक तालुक्याच्या गावी सहसा मिळतोच. तरीही पुढच्या व मागच्या चाकाच्या मापाची एकेक ट्यूब, क्लच आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या केबल, चेनलॉक (साखळी जोडणारी कडी), प्लग आणि हवेचा लहान पंप गटात असलाच पाहिजे. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 (प्रदूषणाच्या नव्या निकषांच्या) गाड्यांपैकी ज्यांना फ्युएल इंजेक्शन, म्हणजे विजेवर चालणारी पेट्रोलची फवारणी आहे, त्यांची बॅटरी निघण्यापूर्वी तपासून घ्यावी. बॅटरी पूर्ण उतरली तर नुसता धक्का मारून त्या सुरू होतीलच असे नाही.

खोल्यांचे आरक्षण करण्यापूर्वी सर्वांनी एका रविवारी, गोव्याला नेणार तेवढेच सामान बांधून आणि मागे बसणाऱ्यांसह, पुणे ते माणगाव जाऊन यावे अशी माझी विनंती आहे. त्या दिवशी शेवटच्या गाडीला लागलेला वेळ लिहून ठेवू आणि मुक्कामाची गावे त्यानंतरच ठरवू.