कावीळ उतरली म्हणजे लिव्हर सुटले?

एक मेसेज सध्या जोरात फिरतो आहे. मजकूर थोडक्यात असा: 'हिपॅटायटिस म्हणजे कावीळ. डॉक्टरांकडे त्यावर औषध नाही, काढ्याने उतरते. दारू न पिणाऱ्याने लिव्हरची चिंता करू नये. लस हा निव्वळ धंदा.'

पहिले वाक्यच फसवे आहे. हिपॅटायटिस म्हणजे यकृताला, लिव्हरला, आलेली सूज; कावीळ हे तिचे फक्त एक लक्षण. ही सूज आणणाऱ्या विषाणूंना ए, बी, सी अशी नावे आहेत. त्यांतले बी आणि सी 20-30 वर्षे यकृतात मुक्काम ठोकू शकतात आणि तेवढ्या काळात अनेकांचे डोळे एकदाही पिवळे होत नाहीत. कळते तेव्हा सिरॉसिस झालेला असतो, म्हणजे यकृत व्रणांनी कडक झालेले असते, कधी थेट कॅन्सर.

काढ्याचे म्हणाल, तर 'ए'ची कावीळ बहुधा काही आठवड्यांत आपोआप जाते. त्या दिवसांत पोटात जे गेले, त्याच्या नावावर गुण जमा!

'औषध नाही' हे तर अनेकांच्या आयुष्यभराच्या कामावर बोळा फिरवणे झाले. 1970च्या दशकात अमेरिकेत हार्वे ऑल्टर रक्त चढवलेल्या रुग्णांचा पाठपुरावा करत होते. ए नाही, बीही नाही, तरी यकृताला सूज. आजाराला नावसुद्धा 'ना ए, ना बी' असेच पडले. 1989 मध्ये मायकेल हाउटन, क्वी-लिम चू आणि जॉर्ज कुओ यांच्या चमूने विषाणू प्रत्यक्ष न दिसताच त्याच्या जनुकीय द्रव्याचा तुकडा पकडला. तोच 'सी'. पुढे चार्ल्स राइस यांनी हा विषाणू एकटाच आजार घडवतो हे दाखवले. ऑल्टर, हाउटन, राइस यांना 2020 चे नोबेल मिळाले. चू आणि कुओ राहिले, हे मला अजून खटकते. या शोधातून आधी रक्ताची चाचणी आली, मग 2013 च्या अखेरीस सोफोसबुविर हे औषध. आज 8 ते 12 आठवडे गोळ्या घेतल्या की 95 टक्क्यांहून अधिक रुग्णांच्या शरीरातून 'सी' कायमचा जातो.

'बी'पुरते मेसेजमध्ये थोडे तथ्य आहे. गोळ्या त्याला दाबून ठेवतात, समूळ क्वचितच काढतात.

दारू यकृत नासवतेच. पण विषाणू माणूस पितो की नाही हे विचारून शिरत नाही.

राहिली लस. जन्मताना आईकडून 'बी' मिळालेल्या 10 पैकी सुमारे 9 बाळांत तो ठाण मांडतो. प्रौढांत हे प्रमाण 5 टक्क्यांहून कमी. तैवानने 1984 पासून नवजात बाळांना लस द्यायला सुरुवात केली. 6 ते 14 वयोगटातल्या यकृताच्या कॅन्सरचे प्रमाण दर लाखामागे 0.70 होते, ते दशकभरात 0.36 वर आले. पहिला डोस मात्र जन्मानंतर 24 तासांच्या आत पडायला हवा.