दोन स्टार मिळालेल्या परतीच्या प्रवासाबद्दल

नमस्कार मॅडम,

आमच्या टूरवरचा तुमचा अभिप्राय वाचला. हॉटेलं स्वच्छ होती, लुत्सर्नच्या बोटीत आई खूश होत्या, हे पहिल्या दोन ओळींत लिहिलंत, त्याबद्दल आभार. पुढचा सगळा राग परतीच्या प्रवासावर आहे आणि दोन स्टारही त्याचेच. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : झुरिकहून मुंबईला यायला साडेसतरा तास लागले, मधला पाच तासांचा थांबा आधी सांगितला नव्हता, आईंना विमानात शेवटपर्यंत बसवून ठेवलं, जैन जेवण मिळालं नाही, मधाची बाटली गेली, आणि सहारला उतरल्यावर ठाण्यापर्यंत ज्याचं त्याने पाहायचं. हे बुकिंग करणारी बाकीची मंडळीही वाचणार, म्हणून फोन न करता इथेच उत्तर देतो.

आधी तास. दुपारी तीनला झुरिकहून सुटून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला मुंबई, असं तुमच्या तिकिटावर होतं. घड्याळाकडे बघितलं तर साडेसतराच होतात. पण उन्हाळ्यात स्वित्झर्लंडचं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असतं. प्रत्यक्ष प्रवास झाला चौदा तासांचा : आखातापर्यंत सहा, तिथे पाच, पुढे मुंबईपर्यंत तीन. जाताना हेच साडेतीन तास आपल्याला वरकमाईसारखे मिळाले होते, तेव्हा त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. काढणार तरी कशाला म्हणा. घरी आल्यावर दोन-तीन दिवस डोकं जड होतं असं लिहिलंयत, तेही खरं आहे. आपल्या शरीराचं आतलं घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित लांब चालतं, त्यामुळे दिवस लांबला तर ते सहज जुळवून घेतं, आखडला तर कुरकुरतं. पश्चिमेकडून पूर्वेकडे येताना दिवस आखडतो. थेट विमानाने आला असतात तरी ही कुरकुर चुकली नसती.

आता तो पाच तासांचा थांबा. "सांगितला नव्हता" हे मात्र मला मान्य नाही. नौपाड्याच्या ऑफिसात आपण समोरासमोर बसलो तेव्हा दोन पर्याय ठेवले होते. झुरिकहून मुंबईला थेट विमान आहे, साधारण आठ तासांचं. दुसरा पर्याय आखातात विमान बदलून. माणशी फरक पाच आकडी होता. तुमच्या फॉर्मवर दुसऱ्या पर्यायासमोर खूण आहे, खाली सही आहे, आणि दोन्ही विमानांच्या वेळा असलेलं तिकीट निघायच्या आधी व्हॉट्सअ‍ॅपवर गेलेलं आहे. तुमच्याच ग्रुपमधली दोन कुटुंबं जादा पैसे भरून थेट आली.

थांबा पाचच तासांचा का, दीड-दोन तासांचा का नाही, हा प्रश्न रास्त आहे आणि तो मी मुद्दाम ठरवतो. दीड तासाचं कनेक्शन विमान कंपन्या विकतात, कागदावर ते छान दिसतं. पण एकटादुकटा प्रवासी धावत सुटतो. साठी-सत्तरीची, गुडघेदुखीवाली तीस माणसं धावत नाहीत. पुढचं विमान चुकलं तर चौघांना त्यानंतरच्या विमानात जागा मिळते, तिसांना एकत्र मिळत नाही. मग ग्रुप तीन ठिकाणी विखुरतो आणि टूर मॅनेजर एकच असतो. तुमचं विमान झुरिकलाच पाऊण तास उशिरा सुटलं होतं, आठवत असेल. पाचाचे सव्वाचार झाले, तेवढ्यात सगळ्यांचा चहा झाला, पाय मोकळे झाले. आईंच्या पायांना सूज आली, चप्पल चढेना, असं तुम्ही लिहिलंय. तासन्‌तास पाय लोंबकळत ठेवून बसलं की रक्त पोटऱ्यांत साचतं. चार तासांहून लांबच्या बैठ्या प्रवासानंतर पायात गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007 मधल्या अभ्यासात आलं आहे. मूळ धोका लहान आहे, घाबरून जाऊ नका. पण त्या वयाच्या माणसाला मध्ये उठून चालायला मिळणं वाईट नाही. त्यात विमानाच्या आतली हवा कोरडी, आणि तिचा दाब आठ हजार फुटांवरच्या हवेइतका विरळ असू शकतो. कळसूबाई साडेपाच हजारांच्या आत आहे, यावरून अंदाज करा.

व्हीलचेअरवाल्या प्रवाशांना चढवतात सगळ्यात आधी आणि उतरवतात सगळ्यात शेवटी. आईंना मुद्दाम बसवून ठेवलं नव्हतं. त्याच व्हीलचेअरमुळे इमिग्रेशनची मोठी रांग चुकवून तुम्ही दोघी बॅगांच्या पट्ट्यापाशी पोहोचलात तेव्हा बाकीचा ग्रुप अजून मागेच होता, हेही लिहायला हवं होतं.

जेवणाच्या बाबतीत तुमचा राग रास्त आहे. चातुर्मासात आईंना कांदा-लसूण चालत नाही, म्हणून दोन्ही विमानांसाठी जैन जेवण, त्यांच्या भाषेत व्हीजेएमएल, नोंदवलं होतं. कन्फर्मेशन माझ्याकडे आहे. पहिल्या विमानात ते आलं, दुसऱ्यात ट्रे चढलाच नव्हता. आमच्या टूर मॅनेजरने त्याच्या सॅकमधले मेथीचे खाकरे आणि क्रूकडून मागून आणलेली फळं आईंना दिली, त्यावर तीन तास निघाले. विमान कंपनीला कन्फर्मेशन जोडून लेखी तक्रार केली आहे. उत्तर आलं की तुम्हाला पाठवतो.

मधाचं सांगायचं तर सुरक्षा तपासणीत मध हा द्रवच धरतात. तुम्ही तो झुरिकच्या ड्युटी फ्रीमधून घेतलात, तिथे तो सीलबंद पिशवीत मिळाला. ती पिशवी फाडून बाटली पर्समध्ये टाकली आणि विमान बदलताना पुन्हा तपासणी झाली. शंभर मिलीच्या वरची उघडी बाटली तिथे सोडली नाही.

आणि सहार ते ठाणे. जाताना तीन हात नाक्यावरून बस असते कारण सगळे एका वेळी निघतात. येताना कुणाची बॅग दहा मिनिटांत येते, कुणाची तासाने. कुणाला घोडबंदर, कुणाला डोंबिवली, कुणाचा जावई गाडी घेऊन बाहेर उभा. पूर्वी परतीची बस ठेवायचो, निम्मी रिकामी जायची आणि आत बसलेले शेवटच्या बॅगेच्या नावाने बोटं मोडायचे. म्हणून माहितीपत्रकात "मुंबई ते मुंबई" असं छापतो. निदान आनंदनगरचा टोल तरी ऑक्टोबर 2024 पासून छोट्या गाड्यांना नाही.

पैसे परत करण्यासारखं यात मला काही दिसत नाही. फॉर्म आणि कन्फर्मेशन बघायचं असेल तर ऑफिसला केव्हाही या, आईंनाही आणा. "थांबा लपवला" हे एक वाक्य तेवढं काढा, स्टार दोनच ठेवलेत तरी चालतील.